पडद्यामागचा हात

९ जानेवारी

क्लबाच्या बैठकीत आज माझी परीक्षाप्रमुख म्हणून निवड झाली. निवड म्हणजे काय, दुसऱ्या कोणी हात वर केला नाही.

हौशी रेडिओचा परवाना हवा असेल तर परीक्षा द्यावी लागते, आणि आमच्या शहरात ती आमचा क्लब घेतो. लेखी पेपर, मग मॉर्स ऐकून उतरवून घेणं, मग मॉर्स पाठवून दाखवणं. गेल्या वेळच्या प्रमुखाने स्वतःच्या भाच्याला घरी शिकवलं आणि स्वतःच पास करून टाकलं. कोणीतरी वर कळवलं. आता परवाना कार्यालयाची ताकीद आली आहे. पुन्हा असं काही झालं तर त्या खेपेचे सगळे निकाल रद्द आणि केंद्र बंद.

"म्हणून तू," औषधवाला म्हणाला. त्याचं बाजारात औषधांचं दुकान आहे, आणि क्लबाचा चिटणीस तोच. "वजनमाप खात्यातला माणूस खुर्चीत बसवला की कोणाची बोलायची टाप नाही."

दुकानदारांचे काटे तपासणं हे माझं नोकरीचं काम. म्हणून क्लबात मला तराजू म्हणतात. हे कौतुक आहे की टोमणा, ते मी कधी तपासून घेतलेलं नाही.

"तराजूची एकच भीती," तारमास्तर म्हणाले. ते तारखात्यातून निवृत्त झालेले, मॉर्सच्या परीक्षेत माझे जोडीदार. "स्वतःला नेहमी कमी तोलतो आणि वर त्याचीच शेखी मिरवतो."

सगळे हसले. मीही हसलो. शेखी मिरवतो का, याचा येताना विचार केला. निकाल लागला नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही बाहेरच्या खोलीत झग्याची काजं करत बसली होती. "बरं झालं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "परीक्षा कधी?"

"एप्रिलचा पहिला रविवार."

हिने दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घेतलं.

१७ जानेवारी

परीक्षेसाठी माझे म्हणून काही नियम ठरवले. परीक्षकाने कोणालाही शिकवायचं नाही, हा तर आहेच. शिवाय मी उमेदवारांची यादी बघणार नाही. ती औषधवाल्याकडे राहील, मला फक्त नंबर कळतील. आणि मॉर्स पाठवायच्या परीक्षेत उमेदवार पडद्याआड बसेल. कोण पाठवतंय हे मला आणि तारमास्तरांना दिसता कामा नये.

"पडदा? तिसरी घंटा पण देणार का?" तारमास्तर म्हणाले.

औषधवाल्याला मात्र कल्पना फार आवडली. इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. यादी बघणार नाही म्हणतोस म्हणजे अजिबातच नाही ना, असं त्याने दोनदा विचारून घेतलं. "कापड मी आणतो. शिवतील वहिनी."

संध्याकाळी हिला माप दिलं.

"कापड जाड घेऊ? आरपार दिसायला नको ना?"

"नको."

"सावलीसुद्धा?"

"सावलीसुद्धा नको."

"मग दुहेरी करते," ही म्हणाली. हिचं काम चोख असतं.

३० जानेवारी

संध्याकाळी सेटवर बसलो. दूरच्या एका स्टेशनशी चांगलं बोलणं झालं. बोलणं म्हणजे मॉर्समध्येच, आखूड ठोका डिट, लांब ठोका डा. गेली कित्येक वर्षं मी माइकला हात लावलेला नाही. तुमचा सिग्नल इतका, माझं नाव अमुक, शहर तमुक, हवा कोरडी, त्र्याहत्तर. त्र्याहत्तर हा आकडा आमच्यात निरोपाच्या नमस्कारासाठी आहे. समोरच्याला जे सांगायचं ते तो सांगतो, मला जे सांगायचं ते मी. कोणी कोणाला खोदत नाही. मला या छंदात हीच गोष्ट पहिल्यापासून आवडत आली.

हिचं शिलाईयंत्र मोटरीवर चालतं, आणि मोटर सुरू असली की माझ्या हेडफोनमध्ये खरखर येते. फार पूर्वी मी एकदा तसं बोललो होतो. तेव्हापासून मी खुर्ची ओढल्याचा आवाज आला की ही यंत्र बंद करते आणि काजं, बटणं, तुरपाई असलं हाताचं काम काढते. मी उठेपर्यंत तिकडून हूं की चूं नाही. अशी समजूतदार बायको मिळणं ही साधी गोष्ट नाही, हे लिहून ठेवायला हवं.

११ फेब्रुवारी

कुठेतरी नळ गळतोय. हेडफोन काढले की टक, टक ऐकू येतं. कधी जवळजवळ, कधी अंतराने. मी मोरीत जाऊन बघेपर्यंत थांबतं. हिला म्हटलं तर म्हणाली, "मला नाही ऐकू येत. वय झालं असेल."

"कोणाचं?"

"नळाचं."

१९ फेब्रुवारी

नळवाल्याला बोलावलं. त्याने सगळ्या चाव्या उघडून बंद केल्या, पाइपाला कान लावला, आणि म्हणाला, "साहेब, नळ ठणठणीत आहेत. आवाज दुसरीकडचा असेल."

तो काम करत असताना ही दारात उभी होती. बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान तसंच होतं. नळवाला गेल्यावर म्हणाली, "आता नाही येणार आवाज. त्याने सगळं घट्ट केलंय."

खरंच नंतर आला नाही. कधीकधी नुसतं कोणी येऊन बघून गेलं तरी वस्तू सरळ होतात. तागडीच्या बाबतीतही माझा हाच अनुभव आहे.

२ मार्च

ही हल्ली शनिवारी दुपारी औषधवाल्याकडे जाते. त्याच्या बायकोचे कपडे शिवायचे आहेत म्हणे. एका बाईला दर आठवड्याला किती कपडे लागतात, असं मनात आलं. पण विचारलं नाही. तिचा व्यवसाय तिचा.

औषधवाला शनिवारीच त्याच्या माडीवर उमेदवारांचा वर्ग घेतो. त्या वेळी मी त्या रस्त्यानेसुद्धा जात नाही. कोणाचा चेहरा दिसला तर उगाच ओळख राहते.

१२ मार्च

जेवताना ही म्हणाली, "इस्त्री एवढी वीज खाते, ती तिच्या तारेचा रोध जास्त म्हणून की कमी म्हणून?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असल्या विषयात हिने पहिल्यांदाच रस दाखवला. विजेचा दाब तोच असेल तर रोध कमी तितका प्रवाह जास्त, हे मी वाटी आणि पेला पुढे ओढून नीट समजावून सांगितलं. हिने मान डोलावली. "म्हणजे मी बरोबर होते," असं काहीतरी पुटपुटली.

जेवण छान झालं. लेकीचा फोन आला, तिलाही हे सांगितलं. ती वसतिगृहात असते, शेवटच्या वर्षाला आहे. ती पलीकडून इतकी हसली की मला कारण कळेना. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," एवढंच म्हणाली.

६ एप्रिल

परीक्षा झाली. घडलं ते घडल्या क्रमाने लिहितो.

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. लेखी पेपर आणि ऐकायची परीक्षा औषधवाल्याने आतल्या वर्गात घेतली; तो वर्ग घेतो, म्हणून त्या उत्तरपत्रिका तपासणार परवाना कार्यालय. मी आणि तारमास्तर हॉलच्या टोकाला. मध्ये पडदा. पडद्यामागच्या दाराने उमेदवार येणार, टेबलावर ठेवलेला उतारा मॉर्सच्या कीवर पाठवणार, आणि त्याच दाराने जाणार. आमच्याकडे फक्त बझरचा आवाज. दोघांनी वेगवेगळे गुण लिहायचे.

पहिले तीन उमेदवार यथातथा. चौथ्याने सुरुवात केली आणि मी सावरून बसलो. घाई नाही, धडपड नाही, अक्षराअक्षरात जेवढ्यास तेवढं अंतर. उताऱ्यात प्रश्नचिन्ह होतं तिथे मात्र हात थांबला, रिकामी जागा गेली आणि पुढचं वाक्य सुरू झालं. तेवढी एक चूक धरून मी त्या दिवसाचे सर्वांत जास्त गुण दिले.

तारमास्तर डोळे मिटून ऐकत होते. मिशीत हसत होते.

"हात चांगला आहे," मी म्हणालो.

"तुला आवडणारच."

"म्हणजे?"

"अरे तराजू, हा तुझाच हात आहे."

मला कळेना. ते म्हणाले, माणसाची मॉर्स पाठवायची लकब त्याच्या चालीसारखी असते, ती शिकवून येत नाही आणि लपवून लपत नाही. "शब्द संपताना शेवटचा डा तू ओढतोस. बाहेर पडताना मागचं दार पायाने लोटून घेणारी माणसं असतात ना, तसा. तीस वर्षं तारा घेतल्यात मी, असं दार ओढणारा तुझ्याशिवाय मला कोणी भेटला नाही. आज दुसरा भेटला."

"माझा हात असा नाही," मी म्हणालो.

"स्वतःचं घोरणं कोणाला ऐकू आलंय?"

मी म्हटलं, चर्चा नंतर, पुढचा उमेदवार बोलवा. तारमास्तर उठले. "मी वाकून बघतो."

"नियमात बसत नाही."

तेव्हा पडद्यामागून आवाज आला. "वाकू नका मास्तर, तुमची कंबर धरेल. मीच येते."

पडदा बाजूला करून ही बाहेर आली. निळी साडी होती. घरातून निघताना तीच होती, हे मला तेव्हा आठवलं. सकाळी ही मला म्हणाली होती, आज औषधवाल्यांकडे जायचंय, उशीर होईल.

मग मी उरलेल्या उमेदवारांची परीक्षा तारमास्तरांवर सोपवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तेवढं तरी नियमाला धरून होतं.

७ एप्रिल

परवाना कार्यालयाला पत्र लिहिलं. परीक्षाप्रमुखाची पत्नी उमेदवार होती, प्रमुखाला ते माहीत नव्हतं, पण तिचा हात प्रमुखाच्या हातासारखा आहे हे सहपरीक्षकाने ओळखलं. चौकशी व्हावी. इस्त्रीबद्दल मी जे समजावलं तेही लिहिलं, कारण लेखी पेपरात तशा अर्थाचा प्रश्न होता असं आता कळलं.

औषधवाला तावातावाने दुकान सोडून आला. त्याला सगळं माहीत होतं. फॉर्म त्यानेच भरून घेतला होता.

"पडदा होता, यादी तू बघितली नाहीस, वहिनींनी स्वतःच्या हिमतीवर पेपर दिला. तक्रार कोणाची आहे? कोणाचीच नाही. मग हे पत्र कशाला?"

"घडलं ते कळवायला."

"अरे, बारा पोरांचे निकाल जातील. केंद्र जाईल. वहिनींची मेहनत जाईल. आणि राहील काय, तर तुझं पत्र."

मी त्याला म्हटलं की स्वतःच्या घरचा माल म्हणून मापात सूट देता येत नाही. तो म्हणाला, "सूट कोणी मागितली? माल तरी बघ एकदा," आणि निघून गेला. हे वाक्य त्याने रागात म्हटलं. तरीही मी त्यावर विचार करतो आहे.

८ एप्रिल

ही काल रात्रीपासून नेमकं बोलते आहे. चहा ठेवलाय. छत्री घ्या. आज संध्याकाळी मी सेटवर बसलो नाही, तरी हिने यंत्र लावलं नाही.

शेवटी म्हणाली, "माझ्याबद्दल लिहिलंत?"

"आपल्या दोघांबद्दल."

"पाठवलंत?"

"काल."

"मला विचारलं असतंत."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"नसते म्हटलं," ही म्हणाली. "पण विचारलं असतंत."

यात फरक काय, ते मला तेव्हा सुचलं नाही. मग मी म्हटलं की तूही मला सांगितलं नाहीस.

"तुम्ही परीक्षाप्रमुख झालात त्याच्या आधीच मी फॉर्म भरला होता. त्या दिवशी सांगणार होते. तुम्ही आलात आणि तुमचं सांगून झाल्यावर आत गेलात."

मी त्या दिवशीचं पान काढून बघितलं. आत गेल्याचं लिहिलेलं नाही. पण गेलो असेन.

१५ एप्रिल

कपाटामागून एक जुना पुठ्ठा निघाला. म्हणजे हिने तो आधीच काढला होता, मला आज दिसला. लेक लहान असताना मी तिच्यासाठी मॉर्सचा तक्ता केला होता, अक्षरं आणि आकडे, रंगीत खडूने. ही म्हणाली, तुमचं नाव रोज ऐकून पाठ झालं होतं, या तक्त्याशी जुळवून बघितलं आणि बाकीची अक्षरं सुटत गेली. सराव अंगुस्तानाने, टेबलाच्या कडेवर. मॉर्सची खरी की हाताखाली आली ती पुढे औषधवाल्याच्या माडीवर.

नळवाला आला होता ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं. मी मॉर्सचा परीक्षक आहे.

तक्ता करणं म्हणजे शिकवणं होतं का? चौकशीत सांगायला हवं.

२४ एप्रिल

चौकशीला परवाना अधिकारी बाई स्वतः आल्या. सर्दीने बेजार होत्या, हातात रुमाल. क्लबाच्या खोलीत बसल्या. मी, ही, तारमास्तर, औषधवाला.

"तुम्ही यांना शिकवलंत?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. पण काही गोष्टी नोंदवायच्या आहेत." मी तक्ता सांगितला, इस्त्री सांगितली, आणि मधली भिंत पातळ आहे हेही सांगितलं.

"भिंतीवर कारवाई करता येत नाही," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या. मग हिच्याकडे वळल्या. "कोड कुठे शिकलात?"

"शेजारच्या खोलीत."

"कोणाकडून?"

"यांच्याकडून. यांना माहीत नव्हतं. यांच्या कानाला हेडफोन असतात."

"तुम्हाला काय ऐकू यायचं?"

"हे पाठवतात तेवढं. ते बझरवर वाजतं. समोरचा काय म्हणतो ते यांच्या कानात जातं. म्हणजे मला बोलण्याची एकच बाजू येते. दुसरी मी आपली मनाने भरून घेते. सवय आहे."

तारमास्तरांना ठसका लागला.

बाईंनी हिची ऐकायच्या परीक्षेची उत्तरपत्रिका पुढे ओढली. "इथे जागा सोडलीत. इथेही. आणि इथे. तिन्ही ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. पाठवतानाही तेच राहिलं."

"ते मला येत नाही."

"पुस्तकात आहे."

"पुस्तक काय, शनिवारचा वर्ग काय, मला नियमांसाठी आणि विजेसाठी हवे होते. कोड येत होता, म्हणून ते पान उलटलंच नाही. आमच्या तक्त्यात प्रश्नचिन्ह नाही. आणि ऐकलं तर कधीच नाही."

"कधीच म्हणजे?"

"इतक्या वर्षांत यांनी ते एकदाही पाठवलं नाही."

तारमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, तारखात्यात माझ्या वर्गात पहिल्या दिवशी प्रश्नचिन्ह. अक्षरं नंतर. ज्याला ऐकू आलं नाही त्याने विचारायला नको का? शिकवणारा कोणीही असू दे, आंधळा असू दे, ते वगळणार नाही. हिला कोड कोणीही शिकवलेला नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा नको."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे? तुम्ही कधीच पाठवत नाही?"

मी आठवून बघितलं. "गरज पडत नाही. समोरच्याला सांगायचं असतं ते तो सांगतोच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्याला सांगायचं नसेल."

त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. लिहिताना म्हणाल्या, "हे मी तुमच्या बाजूने लिहितेय, बरं का." त्यांनी असं मुद्दाम का स्पष्ट केलं ते माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या बाजूनेच होतं.

मग त्यांनी हिला विचारलं, "परवाना तुम्हाला कशासाठी हवाय?"

"हा प्रश्न परीक्षेत आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या."

बाई हसल्या. निर्णय असा झाला: मी दिलेले गुण बाद. पाठवायची आणि ऐकायची परीक्षा आत्ता, इथेच, नव्या उताऱ्यावर, गुण त्या आणि तारमास्तर देणार. मी बाहेर जायचं.

जाण्याआधी एवढं बघितलं: तारमास्तरांनी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. डिट डिट डा डा डिट डिट. "दोन्ही बाजूंनी सारखं आहे पोरी. उलट सुलट कसंही घे. कोणीही सुरुवात केली तरी तेच."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार लावलेलं होतं, पण बझर ऐकू येत होता. आता सांगितल्यावर मलाही कळत होतं. शब्द संपताना शेवटचा डा किंचित ओढला जातो. ऐकायला मला ते बरं वाटत नव्हतं. मग उताऱ्यात प्रश्नचिन्ह आलं. ते हिने आयुष्यात पहिल्यांदा कीवर पाठवलं आणि चुकलं नाही. एक गोष्ट लक्षात आली, तांत्रिकच आहे: त्याच्या शेवटी डा नसतो, डिट असतात. तिथे ओढायला काही उरत नाही.

ही पास झाली. सगळ्यांचे निकाल कायम. केंद्र कायम, पडदाही कायम. मला पुढच्या दोन परीक्षांपुरतं परीक्षक मंडळावरून दूर ठेवलं. बाई म्हणाल्या, "नातेवाईक उमेदवार असेल तर जाहीर करायचं, हा नियम आहे. यादी न बघणं हा नियम नाही. तो तुम्ही स्वतःसाठी केलेला आहे, आणि त्यामुळेच हे झालं." मी मान्य केलं. योग्य आहे.

घरी चालत आलो. वाटेत ही म्हणाली, "बाहेर काय करत होतात?"

"ऐकत होतो."

"दारातून?"

"हो."

"कसं वाटलं?"

मी म्हणालो, वेग चांगला होता. ही दोन पावलं पुढे चालायला लागली.

३ मे

सेटवर बसलो. एका स्टेशनने माझा सिग्नल, नाव, हवा वगैरे झाल्यावर विचारलं, तुमच्याकडे आणखी कोण असतं? मी पत्नी असं पाठवलं. आता मी त्याला विचारायला हवं होतं. बोट कीवर होतं. त्र्याहत्तर पाठवून बंद केलं.

पलीकडून यंत्र सुरू झालं नाही. ही ऐकत होती, हे आता मला माहीत आहे. एवढ्या वर्षांत काय काय पाठवलं ते आठवत बसलो. फार काही नव्हतं. हवा कोरडी. हवा दमट. हवा कोरडी.

१६ जून

हिचा परवाना आला. स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख. हिने ते एकदा मोठ्याने वाचलं आणि शिवणाच्या डब्यात ठेवलं.

"सेट तुझाच समज," मी म्हणालो.

"नको. मी क्लबातल्या सेटवर बसेन. तुमची खुर्ची मला उंच होते."

औषधवाल्याने पेढे बिढे नकोत म्हणत दुकानातल्या खोकल्याच्या गोळ्या वाटल्या. अधिकारी बाईंनाही एक डबी पाठवणार म्हणतो.

२२ जून

आज संध्याकाळी ही पहिल्यांदा क्लबाच्या सेटवर जाणार होती. निघताना म्हणाली, "भाजी झाकून ठेवलीय. तुम्ही बसणार असाल सेटवर तर बसा."

घरात शांत होतं. यंत्र बंद ठेवायलाही कोणी नव्हतं. मी सेट लावला आणि नुसता ऐकत राहिलो.

थोड्या वेळाने ही हवेवर आली. सर्वांना हाक, मग स्वतःचं कॉलसाइन. नाव ऐकायची मला गरज पडली नसती. एका लांबच्या स्टेशनने उत्तर दिलं. सिग्नल, नाव, शहर झालं. मग हिने त्याला विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? आणि प्रश्नचिन्ह.

इतक्या वर्षांत बँडवर मी हे कोणाला विचारताना ऐकलं नव्हतं. तो माणूस बराच वेळ पाठवत राहिला. समोर बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या धुराड्यावर एक झाड उगवलंय, बायको गेल्यावर त्याने खुर्ची त्या खिडकीकडे वळवली. ही मध्येमध्ये आणखी विचारत होती. कसलं झाड? किती उंच? मी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत होतो. यात बेकायदा काही नाही, हवा सगळ्यांची असते. तरीही बाहेरच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं.

त्यांचं संपल्यावर मी हिला हाक दिली. हिने उत्तर दिलं, अगदी रीतसर. मी सिग्नलचा रिपोर्ट दिला. हिने दिला. हवा कोरडी, मी पाठवलं. हिने पाठवलं, माहीत आहे.

इथे मी नेहमी त्र्याहत्तर पाठवतो.

मी पाठवलं, तू हे का शिकलीस. त्यापुढे प्रश्नचिन्ह. सवय नसल्याने शेवटी एक डिट जास्त पडला, चूक झाली असं कळवून पुन्हा पाठवावं लागलं. म्हणजे दोनदा विचारल्यासारखं झालं.

बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं बँड बसला, सिग्नल पोचेनासे झाले. तेवढ्यात तारमास्तरांचं कॉलसाइन ऐकू आलं. ते त्यांच्या घरून ऐकत होते. त्यांनी एवढंच पाठवलं: मी सेट बंद करतोय, तुमचं चालू द्या.

मग हिचं उत्तर आलं. लांब होतं. सवयीने पेन्सिल हातात घेऊन उतरवायला लागलो होतो, थोड्या वेळाने ती खाली ठेवली. मला वाटलं होतं त्यातलं फारसं काही त्यात नव्हतं. माझा उल्लेख एकदाच आला, तोही शेवटाकडे. समजलं नाही तिथे मी दोनदा थांबवून विचारलं. दुसऱ्या वेळी डिट जास्त पडला नाही.

आता जिन्यावर पावलं वाजताहेत. काय म्हणाली ते इथे लिहू का, हे आधी तिला विचारतो.